चित्र नवं, चांदी तीच : चांदीची नाणी घेण्याआधी

 

चांदी महागल्यापासून गटांच्या बैठकीत आम्हाला दोन प्रश्न सारखे ऐकू येतात. पहिला, "थोडी चांदीची नाणी घेऊन ठेवू का?" दुसरा, "सराफ म्हणतो यंदा नव्या चित्राचं नाणं आलंय, सगळा संच जमवला की किंमत चढते, खरं का?" एकदोन गटांत तर गटाच्या बचतीतूनच नाणी घ्यावीत असाही विषय निघाला. पैसा कष्टाचा आहे. कुणी निंदणी-खुरपणी करून जमवलेला, कुणी डेअरीला दूध घालून. म्हणून आज या नाण्यांचं पूर्ण गणित आपण उलगडून पाहू.

दोन प्रकारची नाणी

आधी एक फरक लक्षात घ्या. दिवाळीला आपण लक्ष्मी-गणपतीचं जे नाणं आणतो, ते खरं तर नाणं नव्हे. नाणं काढायचा अधिकार फक्त सरकारचा. सराफाकडचं ते नाण्यासारखं दिसणारं चांदीचं पदक. त्यात पाप नाही, पण त्याच्यामागे सरकारची हमीही नाही. हमी असते ती बनवणाऱ्याची आणि आपल्या हातातल्या पावतीची.

परदेशात मात्र काही सरकारी टांकसाळी गुंतवणुकीसाठी म्हणूनच चांदीची नाणी पाडतात. त्यावर देशाचं नाव असतं, रक्कम छापलेली असते आणि चांदीचं वजन लिहिलेलं असतं. कॅनडाचं मेपल पानाचं नाणं १९८८ पासून निघतं. त्यावर ५ डॉलर लिहिलंय, पण ते ५ डॉलरला कुणी देणार नाही. ते विकलं जातं चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने आणि वर थोडे पैसे जास्त घेऊन. या वरच्या पैशात घडणावळ येते, टांकसाळीचा नफा येतो आणि दुकानदाराचाही. आजचा सगळा विषय या वरच्या पैशाचा आहे, म्हणून त्याला आपण "वरकड" म्हणू.

जगात अशी नाणी औंसावर मोजतात. एक औंस म्हणजे साधारण ३१.१ ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबात पावणेतीन तोळ्यांपेक्षा किंचित कमी.

चित्र कशाला बदलतात?

चीन १९८३ पासून पांडाच्या चित्राचं चांदीचं नाणं काढतो. एका बाजूला पेइचिंगमधलं स्वर्गमंदिर. चांगलं पीक यावं म्हणून तिथे राजा प्रार्थना करायचा, म्हणजे ते आपल्या शेतकऱ्यांच्याच जवळचं. दुसऱ्या बाजूला पांडा. हा पांडा दरवर्षी वेगळा : कधी बांबू खाणारा, कधी झाडावर चढलेला, कधी पिल्लाला घेऊन बसलेला. २००१ साली ठरलं की आता चित्र बदलायचं नाही. म्हणून २००१ आणि २००२ या दोन्ही वर्षी एकच चित्र आलं. जमवणारे लोक नाराज झाले आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा चित्र बदलू लागलं. लोक चांदीसाठी घेत होते तसे चित्रासाठीही घेत होते, हे त्यातून दिसलं.

ऑस्ट्रेलियात पर्थ या शहरात १८९९ सालची टांकसाळ आहे. ती १९९० पासून कूकाबरा पक्ष्याचं नाणं काढते. कूकाबरा म्हणजे आपल्या खंड्याचाच मोठा भाऊ, माणूस हसावा तसा ओरडणारा. त्याचंही चित्र दरवर्षी नवं. त्याच टांकसाळीची एक मालिका बारा प्राण्यांची आहे. उंदीर, बैल, वाघ, ससा असं चिनी पंचांगातलं एकेक वर्ष. बारा वर्षं थांबावं तेव्हा एक संच पुरा होतो. इंग्लंडच्या टांकसाळीने २०१६ ते २०२१ या काळात राजघराण्याच्या दहा चिन्हप्राण्यांची मालिका काढली, ती अशीच.

टांकसाळीला याचा फायदा काय, ते आपल्याला समजायला अवघड नाही. संक्रांतीच्या वाणाला दरवर्षी नवी वस्तू आली की गेल्या वर्षीची घरात असूनही हात पुढे जातो. नाण्याचंही तसंच. चित्र बदललं की गेल्या वर्षीचा गिऱ्हाईक यंदा पुन्हा येतो.

याच्या अगदी उलट उदाहरण आहे ऑस्ट्रिया देशाच्या मारिया थेरेसा राणीच्या नाण्याचं. राणी १७८० साली वारली. तिच्या चेहऱ्याचं ते नाणं त्यानंतरही पाडत राहिले आणि आजही त्यावर साल १७८० च असतं. कारण अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारात लोक दुसरं नाणं घ्यायलाच तयार नसत. चेहरा ओळखीचा, वजन ओळखीचं, मग विश्वास. मागणी इतकी की १९४०-४१ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ही नाणी पाडली गेली.

म्हणजे बघा, न बदलणारं चित्र विश्वासासाठी आणि बदलणारं चित्र हौसेसाठी. दोन्ही चालतं. आपण कशाचे पैसे मोजतोय ते मात्र आपल्याला कळलं पाहिजे.

आपला राणीछाप रुपया

आपल्या घरातही चित्र बदलणारी चांदीची नाणी आहेत, तीही आज्यांच्या पेटीत. १८३५ पासून इंग्रजांचा चांदीचा रुपया सगळीकडे एकाच वजनाचा झाला : ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तो हाच. शंभर भागांत जवळपास ९२ भाग चांदी. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. चेहरे बदलले. आधी विल्यम राजा, १८४० पासून व्हिक्टोरिया राणी, १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज, मग १९३८ पासून सहावा जॉर्ज. चांदी १९३९ पर्यंत तीच राहिली.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची एक गोष्ट आहे. राजाच्या झग्यावर हत्तीचं लहानसं चिन्ह होतं. ते इतकं बारीक उठलं की लोकांना ते डुकरासारखं दिसलं. बोभाटा झाला, नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट काढला. आज १९११ चा रुपया जमवणारे लोक शोधत असतात, कारण तो थोडाच उरला.

आता कामाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडली, म्हणून १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी केली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, चांदी शून्य. दिसायला सगळे सारखेच मोठे आणि गोल. म्हणून जुना रुपया विकायची वेळ आलीच तर आधी त्यावरचं साल वाचा. १९३९ किंवा त्याआधीचा असेल तर चांदी १०.७ ग्रॅम, १९४० ते ४५ चा असेल तर साधारण ५.८ ग्रॅम. दहा रुपये मोडीला घालताना दोन्ही एकाच भावात तोलले तर चांगल्या रुपयांमागे निम्मे पैसे बुडतात. साल वाचता येणारी मुलगी घरात आहे ना? तिलाच बसवा या कामाला.

स्वातंत्र्यानंतरही सरकारने खास नाणी काढली. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं होतं आणि त्यात ८० टक्के चांदी होती. २०२३ साली नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आलं, ते ३५ ग्रॅमचं, पण त्यात चांदी निम्मीच. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. तेव्हा "सरकारी चांदीचं नाणं" एवढ्यावर थांबू नका. वजन किती आणि त्यात चांदी किती, हे दोन्ही विचारा.

हिशेब मांडू या

आता नव्या नाण्याचा हिशेब. भाव रोज बदलतो, म्हणून सोपं जावं यासाठी चांदी १०० रुपये ग्रॅम धरू. तुम्ही हिशेब कराल तेव्हा त्या दिवसाचा भाव घाला.

दहा ग्रॅमचं नाणं घेतलं. चांदीचे १,००० रुपये. घडणावळ समजा १०० रुपये. झाले १,१००. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३३ रुपये. हातातून गेले १,१३३ रुपये.

तेच नाणं दुसऱ्या दिवशी विकायला नेलं. घडणावळ गेली, जीएसटी गेला. सराफ वर समजा ५ टक्के घट धरतो. हातात आले ९५० रुपये. एका रात्रीत १८३ रुपये कमी. म्हणजे चांदीचा भाव साधारण १९ टक्के वाढेल तेव्हा आपण नुसते मुद्दलावर येणार. त्यापुढे फायदा.

आता शंभर ग्रॅमचं एकच नाणं घेतलं असं धरू. मोठ्या नाण्याला घडणावळ ग्रॅममागे कमी पडते. समजा एकूण ४०० रुपये. १०,००० अधिक ४००, त्यावर जीएसटी ३१२, एकूण १०,७१२ रुपये. विकताना तीच घट धरून ९,५०० रुपये. इथे भाव १३ टक्के वाढला की मुद्दल सुटतं. म्हणून नियम सोपा : जितकं लहान नाणं आणि जितकं नक्षीदार चित्र, तितकी वरकड जास्त. रंगीत छपाईचं, मखमली डबीतलं नाणं देव्हाऱ्यात छान दिसतं, पण मोडीत डबीचा एक रुपया मिळत नाही.

यावरून एक प्रश्न प्रत्येक दुकानात विचारायची सवय लावा : "दादा, हेच नाणं उद्या परत आणलं तर तुम्ही कितीला घ्याल?" पावतीवर परत घेण्याची अट लिहून मागा. जो लिहून देतो त्याच्याकडे घ्या.

संच जमवला की किंमत चढते का?

काही वेळा चढते. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, नाणी किती पाडली ते जाहीर असावं आणि ती थोडी असावीत. दोन, काढणारी टांकसाळ अशी असावी की लांबचा माणूसही तिचं नाव ओळखेल. तीन, वरकड देऊन विकत घेणारा माणूस आपल्याला गाठता यावा. पांडा किंवा कूकाबराच्या बाबतीत जगभर असे घेणारे आहेत. त्यांची दुकानं आहेत, दरांच्या याद्या आहेत. तरी तिथेही प्रत्येक वर्षाचं नाणं चढत नाही.

आपल्या बाजारातल्या अष्टविनायकाच्या किंवा देवदेवतांच्या संचाला या तीन कसोट्या लावून पाहा. किती पाडले? कुणी सांगत नाही. पुढच्या दिवाळीला तोच साचा पुन्हा वापरला तर? त्याला अडवणारं कुणी नाही. आठवं नाणं हातात आल्यावर जास्त पैसे देणारा कोण? तोच सराफ, आणि तो चांदीच तोलणार. तेव्हा असा संच घ्यायचा तर श्रद्धेने घ्या, लेकीच्या बाळाच्या बारशाला द्यायला घ्या. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर साधं, मोठं, शुद्धता कोरलेलं नाणं बरं.

खरी की खोटी?

नाण्यावर ९९९ किंवा ९९० असा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत तितकी चांदी. आकडा कुणीही कोरू शकतो, म्हणून मागे पक्की पावती हवी : वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली. चांदीच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क ऐच्छिक आहे, सोन्यासारखा सक्तीचा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षर-अंकांची ओळखखूणही येते. ती मोबाईलवर "बीआयएस केअर" या ॲपमध्ये घालून तपासता येते.

बाजारात "जर्मन सिल्व्हर" नावाचा धातू मिळतो. नाव चांदीचं, पण आत तांबं, जस्त, निकेल. चांदी अजिबात नाही. लोहचुंबक त्यालाही चिकटत नाही आणि चांदीलाही नाही. म्हणून "चुंबक चिकटला नाही, म्हणजे खरी" असं समजू नका.

घरी करता येणारी एक परीक्षा सांगतो. सराफी छोटा डिजिटल काटा घ्या. ५० ग्रॅम नाणी दोऱ्यात बांधा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. आता नाणी पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचा. शुद्ध चांदी असेल तर ४.८ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हर असेल तर ५.८ च्या आसपास. फरक स्पष्ट दिसतो. ही परीक्षा साधी भेसळ पकडते, पण शुद्धतेचा दाखला देत नाही. मोठी रक्कम असेल तर टंच काढून घ्यावा.

भाव चढतो तसा पडतोही

"चांदी कधी उतरत नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांना दोन सालं सांगा. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदीची इतकी साठेबाजी केली की भाव औंसाला जवळपास ५० डॉलरला गेला. मार्च संपायच्या आत तो ११ डॉलरच्या खाली आला. ती पन्नाशी पक्की ओलांडायला २०२५ साल उजाडलं, म्हणजे ४५ वर्षं गेली. २०११ मध्ये आपल्याकडे चांदी अशीच कडाडली, मग उतरली आणि तोच भाव रुपयांत पुन्हा दिसायला २०२० आलं. ज्यांनी २०११ मध्ये कर्ज काढून घेतली असेल, त्यांनी नऊ वर्षं व्याज भरलं.

शेळी पिल्लं देते, कोंबडी अंडी देते, चांदी पेटीत नुसती बसून असते. म्हणून ती घ्यायची ती अडीअडचणीचा ठेवा म्हणून, आणि ज्या पैशाची पाच-सात वर्षं गरज नाही त्याच पैशातून.

गटासाठी आमचं म्हणणं

गटाच्या निधीतून नाणी घेऊ नयेत, असं आम्हाला वाटतं. गटाचे २०,००० रुपये महिना शेकडा एक दराने फिरले तरी वर्षाला २,४०० रुपये गटातच येतात. शिवाय मध्यरात्री कुणाच्या घरी बाळंतीण अडली तर पैसा उचलून देता येतो. नाणं त्या वेळी सराफाचं दुकान उघडायची वाट पाहत बसतं. आणि गटाची चांदी ठेवायची कुणाच्या घरी? तिथून भांडणं सुरू होतात.

एकेकीने स्वतःच्या बचतीतून घ्यायला मात्र आमची हरकत नाही. उलट एक गोष्ट चांदीच्या बाजूची आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर. हजार रुपयांत बाईला स्वतःच्या नावाने घेता येईल अशा थोड्या वस्तूंत हे नाणं बसतं. पण ते तिचं ठरतं पावतीवर तिचं नाव असेल तरच. पावती घराच्या नावाने नको, दुकानात गेलेल्या दिराच्या नावाने नको. तुमचं पूर्ण नाव लिहून घ्या, फोटो काढून ठेवा आणि पावती नाण्यापासून वेगळी ठेवा.

कर्जाला ही चांदी उपयोगी पडू शकते. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली काढलेल्या नियमांत चांदीचे दागिने १० किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण ठेवायची मर्यादा घातली आहे. अंमलबजावणीची मुदत १ एप्रिल २०२६. चांदीची वीट तारण म्हणून चालत नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा. आपली बँक असं कर्ज देते का आणि कोणती नाणी धरते, ते शाखेत विचारून घ्या.

जुन्या नाण्यांबद्दल तीन सूचना

पहिली, जुनी नाणी चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. काळेपणा हा हवेतल्या गंधकाचा थर असतो, त्याने चांदी कमी होत नाही. घासलेल्या नाण्याला जमवणारा माणूस कमी पैसे देतो.

दुसरी, "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिराती मोबाईलवर येतात. वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्यांबद्दलही अशी अफवा फिरली. मग नोंदणीचे पैसे मागतात, कर मागतात, कमिशन मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की त्यांचं नाव वापरून होणारे असे व्यवहार खोटे आहेत. आधी पैसे मागणारा घेणारा नसतो, लुटणारा असतो.

तिसरी, नांगरताना किंवा पाया खोदताना हंडा सापडला तर तो वाटून घेऊ नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवणाऱ्याला कायद्याने हक्क मिळू शकतो, लपवणाऱ्याला शिक्षा.

तर मैत्रिणींनो, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी पाच प्रश्न मनात म्हणा. वजन किती? शुद्धता किती? वरकड किती? परत कितीला घ्याल? पावती कुणाच्या नावाने? पाचही उत्तरं मिळाली आणि चित्रही आवडलं तर खुशाल घ्या. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढून हा हिशेब त्या दिवसाच्या भावाने वहीत मांडून पाहा. ज्या ताईला गणित जड जातं तिच्याकडूनच मांडून घ्या, म्हणजे दुकानात तिला कुणी गप्प करू शकणार नाही.